घरालाही अर्थिंग हवे

कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत ज्वालाग्राही द्रावकाचा टँकर येऊन उभा राहिला, म्हणजे त्याची झडप उघडण्यापूर्वी त्याच्या लोखंडी अंगास अर्थिंगची तार जोडावी, आणि ती जोडली गेल्याची खात्री पटल्यावाचून एक थेंबही खाली उतरवू नये, असा रसायनउद्योगाचा शिरस्ता आहे. कारण द्रव वाहताना घर्षणाने साठणारा विद्युद्भार जमिनीत मुरला नाही, तर त्याची एकच ठिणगी सबंध शेडचा घास घेऊ शकते, हे ज्ञान या उद्योगाने जगभरच्या दुर्घटनांचे मोल देऊन संपादन केलेले आहे. याच नियमशीलतेमुळे कारखान्यातील प्रत्येक मोटारीस दोन स्वतंत्र अर्थिंग असावी लागतात, अर्थिंगच्या खड्ड्यांना क्रमांक दिलेले असतात, आणि त्यांचा रोध मोजून दप्तरी नोंदविण्याची जबाबदारी कोणा ना कोणा अधिकाऱ्याच्या शिरावर असते. परंतु दिवसभर या व्यवस्थेच्या छत्राखाली वावरणारा कामगार पाळी संपवून कुरकुंभच्या गावठाणातील, पांढरेवाडीतील किंवा दौंडच्या जुन्या वस्तीतील आपल्या भाड्याच्या खोलीत परततो, आणि अंघोळीचे पाणी तापविण्यासाठी हीटरचा रॉड ज्या सॉकेटात खोचतो, त्या सॉकेटास पुष्कळदा दोनच भोके असतात. किंवा तिसरे भोक असले, तरी त्याच्या मागे कोणतीही तार नसते. एकाच मनुष्याच्या देहाचे मोल कारखान्याच्या फाटकाच्या आत एक आणि बाहेर दुसरे, असा हा प्रकार आपण वर्षानुवर्षे निमूटपणे चालू दिला आहे, आणि तो आता थांबला पाहिजे, एवढेच मला येथे आग्रहाने मांडावयाचे आहे.

या आग्रहास दुःखद निमित्तांची वाण नाही. जून २०२४ मध्ये याच दौंड तालुक्यातील दापोडी येथे, कपडे वाळत घालण्याच्या तारेत उतरलेल्या विद्युत्प्रवाहाने एकाच कुटुंबातील पती, पत्नी आणि मुलगा अशा तिघांचा बळी घेतला. तेथे सॉकेटाचा संबंध नसेल. तथापि ज्या धातूत वीज असण्याचे काहीही कारण नाही, त्या धातूत ती उतरते, आणि तिला जमिनीत जाण्यास मनुष्यदेहावाचून दुसरी वाट नसते, हे या सर्व अपघातांचे मूळ स्वरूप सारखेच आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत विजेच्या धक्क्याने दगावलेल्यांची देशभरातील संख्या अलीकडील वर्षांत दरसाल दहा हजारांवर नोंदलेली दिसते. साथीच्या रोगाने इतके लोक दगावते, तर गावोगावी पथके धावली असती. परंतु वीज माणसाला एकट्यादुकट्याने, मोरीत, ओट्यापाशी किंवा गोठ्यात गाठते, पंचनामा होतो, अकस्मात मृत्यूची नोंद होते, आणि त्या घराच्या भिंतीवरील तारा होत्या तशाच राहतात.

त्या तारा तशा का आहेत, याचा विचार केला पाहिजे. कारण या घरांच्या मालकांनी हेतुपुरस्सर कोणाचा घात मांडला होता, असे मुळीच नाही. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची स्थापना १९६० मध्ये झाली आणि पुढील दोन-अडीच दशकांत वीज गावोगाव पोहोचली, तेव्हा ती प्रामुख्याने दिव्यासाठी आली. माळवदाच्या किंवा कौलारू घरात लाकडी पट्टीवर खिळ्यांनी ठोकलेली तारांची जोडी, काळ्या बॅकेलाइटची गोल बटणे, चिनी मातीचा फ्यूज, आढ्याखाली लोंबणारा होल्डर आणि क्वचित रेडिओपुरते दोन भोकांचे सॉकेट, एवढाच त्या काळच्या घरगुती विजेचा सरंजाम होता. दिवा माणसाच्या हातापासून दूर, बटण लाकडी फळीवर, आणि धातूच्या अंगाचे विजेचे उपकरण घरात बहुधा एकही नाही, अशा स्थितीत तिसऱ्या तारेची उणीव कोणास जाणवलीच नाही. परंतु घर तेच राहिले आणि घरातील संसार पालटला. त्याच दोन तारांवर आज फ्रिज, मिक्सर, कपडे धुण्याचे यंत्र, इस्त्री, पाण्याची मोटार आणि गिझर चालतात. तारांवरचे रबरी आवरण उष्णतेने व वयाने कडक होऊन तडकलेले असते. आणि ज्या वस्तूंना ओल्या हातांनी दिवसातून अनेक वेळा स्पर्श करावा लागतो, त्यांतील बहुतेकींचे अंग लोखंडाचे असते. ‘इतकी वर्षे काही झाले नाही’ हे वाक्य अशा घरांतून नेहमी ऐकू येते. पण ते वाक्य दिव्याच्या काळाविषयी खरे आहे, आणि गिझरच्या काळाविषयी त्याने काहीच सिद्ध होत नाही.

तिसऱ्या तारेचे कार्य काय, हे समजून घेणे मुळीच अवघड नाही. गावाच्या रोहित्रापाशी, ज्यास आपण डीपी म्हणतो, न्यूट्रलची तार जमिनीस जोडलेली असते. म्हणून फेजच्या तारेतील वीज संधी मिळताच जमिनीवाटे तेथे परत जाऊ पाहते. फ्रिजच्या आतील फेजच्या तारेचे आवरण झिजून ती त्याच्या पत्र्यास टेकली, म्हणजे तो पत्रा २३० व्होल्ट दाब धारण करून स्वस्थ उभा राहतो. त्याच्या बाह्य रूपात काडीचाही फरक पडत नाही, दिवा लागतो, बर्फ होतो, आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या गृहिणीने दार उघडण्यासाठी हात लावला की तिच्या देहातून ती वाट पूर्ण होते. अर्थिंगची तार असती, तर पत्र्यातील ती वीज कोणाच्या स्पर्शाची वाट न पाहता जमिनीकडे वळली असती. म्हणूनच आपल्याकडे प्रचलित असलेल्या गोल पिनांच्या प्लगात तिसरी पिन इतर दोहोंपेक्षा जाड व लांब केलेली असते; वीज उपकरणात शिरण्यापूर्वी अर्थिंग जोडले जावे आणि प्लग काढताना ते सर्वांत शेवटी सुटावे, अशी ती योजना आहे. दोन भोकांच्या सॉकेटात बसावी म्हणून ती पिन कापून टाकणारा मनुष्य त्या घराचे उरलेसुरले संरक्षणच कापून टाकीत असतो.

या ठिकाणी पुष्कळांची समजूत अशी असते की, फ्यूज आहे किंवा त्याच्या जागी नवा एमसीबी बसविला आहे, तेव्हा भय नाही. ही समजूत घातक आहे, आणि ती दूर होण्यास थोडा हिशेब पुरेसा आहे. मनुष्याला विजेची जाणीव सुमारे एक मिलिअँपिअरला होते. दहा मिलिअँपिअरच्या पुढे हाताचे स्नायू आवळून पकड सुटेनाशी होते. तिसांच्या आसपास श्वास कोंडू लागतो, आणि त्याहून अधिक प्रवाह काही क्षण टिकला तर हृदयाची लय बिघडून मृत्यू ओढवतो. ओल्या देहाचा रोध ढोबळमानाने एक हजार ओहम धरला, तर २३० व्होल्टांखाली त्यातून २३० मिलिअँपिअर वाहतात. पाच अँपिअरचा फ्यूज म्हणजे पाच हजार मिलिअँपिअरचा फ्यूज. माणूस गतप्राण होईपर्यंत त्यास आपले काही काम निघाले आहे असे कळतच नाही, कारण त्याची योजना तारा जळू नयेत म्हणून केलेली आहे. त्यात जेथे फ्यूजच्या बारीक तारेऐवजी केबलमधील तांब्याची जाड तार पिळून बसविण्याची वहिवाट पडली आहे, तेथे तर तारांचेही रक्षण उरत नाही.

रोग ओळखल्यावर उपाय योजावा. परंतु आज जे उपाय सर्रास योजले जातात, त्यांतील काही मूळ रोगाहून भयंकर आहेत, आणि त्यांचा स्पष्ट निषेध केला पाहिजे. पहिला उपाय म्हणजे जुने सॉकेट काढून तीन भोकांचे नवे बसविणे आणि तिसऱ्या भोकामागे काहीही न जोडणे. यात रक्षण काडीचे नाही. उलट वापरणाऱ्याच्या मनात खोटा विश्वास उत्पन्न होतो, आणि पुढे येणारा प्रत्येक भाडेकरू त्या विश्वासाने फसतो. दुसरा उपाय तिसरे भोक न्यूट्रलशी जोडण्याचा. टेस्टबल्ब लावून पाहिल्यास तो लखलखीत पेटतो, आणि अर्थिंग उत्तम आहे असे सांगता येते. परंतु ज्या दिवशी मीटरपासून त्या सॉकेटापर्यंत कोठेही न्यूट्रल सुटेल, त्या दिवशी उपकरणात काहीही बिघाड नसताना त्याच्या अंगात संपूर्ण २३० व्होल्ट उतरतील. आणि जुन्या फिटिंगमध्ये सैल झालेला न्यूट्रल ही नवलाची गोष्ट नव्हे. तिसरा उपाय नळाच्या लोखंडी पाइपास तार बांधण्याचा. पूर्वी जमिनीत दूरवर लोखंडी पाइप जात, तेव्हा त्यास थोडाफार अर्थ असेल. आज मधल्या जोडणीत प्लॅस्टिकचा पाइप शिरलेला असतो, आणि मग एका खोलीतील बिघाडाची वीज सर्व बिऱ्हाडांच्या नळांच्या तोट्यांत जाऊन उभी राहते.

खरा उपाय दोन अंगांचा आहे, आणि त्यांपैकी एक अंग घेऊन दुसरे टाकता येत नाही, हे आपल्या तालुक्याच्या भूमीनेच ठरवून दिले आहे. दौंडचा प्रदेश अवर्षणप्रवण; मुरमाचा थर, खाली काळा पाषाण, आणि चैत्र-वैशाखात जमिनीतील ओल हातभर खोलीवरही आटून गेलेली. अशा जमिनीत जस्ताचा मुलामा दिलेला पाइप पुरून त्याभोवती मीठ व कोळसा भरून केलेले अर्थिंग, त्यात वेळोवेळी पाणी ओतले नाही, तर नावापुरते उरते. समजा, त्याचा रोध वीस ओहम आहे. फ्रिजच्या पत्र्यात उतरलेली वीज त्यातून जाऊ लागली, तर प्रवाह साडेअकरा अँपिअरांच्या घरात राहील, आणि सोळा अँपिअरचा एमसीबी तो नित्याचा भार समजून चालू ठेवील. पत्रा मात्र घातकच राहील. म्हणून अर्थिंगच्या जोडीला आरसीसीबी हवा, ज्यास आपले वायरमन बहुधा ईएलसीबी म्हणतात. फेजवाटे घरात गेलेली वीज आणि न्यूट्रलवाटे परतलेली वीज यांचा तो अखंड ताळा घेतो. दोहोंत तीस मिलिअँपिअरांचा फरक पडला, म्हणजे काही वीज आडवाटेने जमिनीत निघाली आहे असे जाणून सेकंदाच्या अल्पशा अंशात तो पुरवठा तोडतो. अर्थिंगचा रोध शंभर ओहमपर्यंत चढला, तरी त्यातून जाणारा प्रवाह तीस मिलिअँपिअरांच्या सत्तर पटींहून अधिक भरतो. तेव्हा आमच्या रुक्ष मुरमातील सामान्य अर्थिंगही आरसीसीबीच्या संगतीत पुरेसे ठरते, आणि कोणी स्पर्श करण्यापूर्वीच बिघाड उघडकीस येतो.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, आरसीसीबीला आपले काम करण्यासाठी तिसऱ्या तारेची गरज नसते. जेथे भिंती फोडून सर्व तारा बदलणे आज शक्य नाही, तेथेही तो मीटरच्या पुढे बसविता येतो, आणि देहास क्षणमात्र झटका बसला तरी प्राण बहुधा वाचतो. मनुष्यदेहावरील विद्युत्प्रवाहाच्या परिणामांचा आयुष्यभर अभ्यास करणारे कॅलिफोर्निया विद्यापीठातील प्राध्यापक चार्ल्स डॅल्झिएल यांनी या तत्त्वावरचे उपकरण १९६१ च्या सुमारास घरगुती उपयोगासाठी सिद्ध केले. आणि अमेरिकेत जुन्या, अर्थिंग नसलेल्या घरांतील दोन भोकांचे सॉकेट बदलावयाचे, तर अशा उपकरणाच्या संरक्षणाखाली तीन भोकांचे सॉकेट बसविण्यास तेथील विद्युत्संहिता मुभा देते, मात्र ‘येथे अर्थिंग नाही’ अशी खूणचिठ्ठी त्यावर लावण्याची अट घालते. या अटीतील प्रामाणिकपणा आपण उचलावा असा आहे. आरसीसीबीच्या मर्यादाही तितक्याच प्रामाणिकपणे सांगितल्या पाहिजेत: एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरणाऱ्यास तो वाचवू शकत नाही; त्यावरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहिले पाहिजे; आणि जुन्या फिटिंगमध्ये तो वारंवार पडू लागला, तर ‘त्रास देतो’ म्हणून त्यास बगल देऊन थेट जोडणी करणे हा अपराध समजावा, कारण त्याचे पडणे हीच घरात कोठेतरी वीज गळत असल्याची साक्ष असते.

कायद्याचे म्हणाल, तर त्याची उणीव कधीच नव्हती. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतील ३३ व्या नियमाने ग्राहकाच्या जागेत, पुरवठा सुरू होतो तेथे, अर्थिंगचे टर्मिनल उपलब्ध करून देण्याची व ते राखण्याची जबाबदारी वीज पुरविणाऱ्यावर टाकली होती. ४६ व्या नियमाने प्रत्येक जोडणीची फेरतपासणी जास्तीत जास्त पाच वर्षांच्या मुदतीत व्हावी असे फर्माविले होते. २००३ चा विद्युत अधिनियम आणि त्याखालील केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०१० चे व पुढे २०२३ चे सुरक्षा विनियम आल्यावरही अर्थिंगच्या टर्मिनलची ती जबाबदारी कायम आहे. परंतु आपल्या गावठाणातील किती घरांची अशी तपासणी झाली, आणि किती ग्राहकांना मीटरपाशी ते टर्मिनल दाखविता येईल? आणखी एक गोष्ट माझ्या मनाला विशेष लागते. गळती ओळखून पुरवठा तोडणाऱ्या उपकरणाची सक्ती ज्या नियमाने केली, त्या १९५६ च्याच नियमांतील ६१-अ नियमाने पाच किलोवॅटांखालील घरांस त्यातून वगळले. पुढे ही मर्यादा खाली आणली गेली, तरी सर्वांत लहान जोडभाराच्या ग्राहकास सूट देण्याचे तत्त्व टिकून राहिले. ज्याचा जोडभार लहान, त्याची खोलीही बहुधा लहान. त्याची मोरी, ओटा आणि सॉकेट एकमेकांपासून हातभर अंतरावर. त्याची भिंत ओली आणि तारा जुन्या. बंगल्यात राहणाऱ्यास सक्तीचे संरक्षण आणि एका खोलीत राहणाऱ्यास सवलत, ही सवलत कोणाच्या हिताची? ती सवलत रद्द करावी, आणि जोडभार कितीही असो, मीटर तेथे आरसीसीबी असा सरळ नियम करावा, ही मागणी मी पूर्ण विचारान्ती करीत आहे.

खर्चाचा आक्षेप येईल, आणि तो क्षुल्लक नाही. तथापि एका खोलीपुरता आरसीसीबी साधारणतः दोन-तीन हजार रुपयांच्या आत बसतो, आणि चार-पाच बिऱ्हाडांच्या चाळीला अर्थिंगचा एकच खड्डा पुरतो. तिसरी तार ओढणे हेच काय ते मोठे काम. ते एकदम करणे जमत नसेल, तर क्रम ठरवावा: प्रथम मीटरपाशी आरसीसीबी, मग मोरी, ओटा व पाण्याची मोटार येथपर्यंत तिसरी तार, आणि शेवटी उरलेल्या खोल्या. मोबाइलच्या चार्जरास, अथवा ज्या उपकरणावर चौकोनात चौकोन अशी दुहेरी आवरणाची खूण आहे त्यास, तिसऱ्या पिनेची गरज नसते. तेव्हा प्रत्येक सॉकेटासाठी भिंत फोडण्याचे कारण नाही. ही दुरुस्ती मात्र मालकाचीच आहे. सहा महिन्यांसाठी खोली घेणाऱ्या कंत्राटी कामगाराने मालकाच्या भिंतीत अर्थिंग घालावे, ही अपेक्षा न्याय्य नव्हे. आणि जो मालक दरमहा भाडे घेतो, त्याने भाडेकरूस छप्पर दिले म्हणजे कर्तव्य संपले असे मानू नये.

कुरकुंभसारख्या गावाला या कामी जी अनुकूलता आहे, ती महाराष्ट्रातील थोड्याच गावांना असेल. अर्थिंगचा रोध मोजण्याची यंत्रे, ती वापरणारे अनुज्ञप्तीधारक वीजतंत्री आणि सुरक्षिततेचे शास्त्र जाणणारे अधिकारी येथे गावाच्या वेशीवर रोज कामास येतात. कंपनी अधिनियम, २०१३ अन्वये सामाजिक दायित्वाचा निधी ज्या कारखान्यांना खर्चावा लागतो, त्यांनी त्यातील काही अंश गावातील सर्वच भाड्याच्या खोल्यांची विद्युत्तपासणी करण्याकडे वळवावा. आसपासच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील तारतंत्री व वीजतंत्री अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांना या कामात घेतल्यास त्यांचेही शिक्षण होईल. ग्रामपंचायतीने कर आकारणीच्या नमुना ८ च्या नोंदींबरोबरच, भाड्याने दिलेल्या प्रत्येक खोलीत अर्थिंग आहे किंवा नाही, आणि आरसीसीबी आहे किंवा नाही, याची एक स्वतंत्र नोंदवही ठेवावी. महावितरणने त्या नोंदवहीवरून मीटरपाशी टर्मिनल देण्याचे आपले कर्तव्य पार पाडावे, आणि विद्युत निरीक्षकांनी त्यातील काही घरांची प्रतिवर्षी प्रत्यक्ष फेरतपासणी करावी. मुदतही निसर्गाने व रूढीने नेमून दिलेलीच आहे: पहिली तपासणी मृगापूर्वी, भिंती ओलावण्याच्या आत, आणि दुसरी घटस्थापनेपूर्वी, जेव्हा फिरंगाई देवीच्या या गावात घरोघर भिंती-फरश्या धुतल्या जातात, आणि देवळाच्या परिसरात तात्पुरत्या जोडण्यांचे जाळे पसरते.

यातील एकाही गोष्टीस नवे शास्त्र, नवे सरकार किंवा नवा कायदा अवश्य आहे असे नाही. लहान घरांची सवलत रद्द करण्यापुरतीच विनियमांत दुरुस्ती हवी, आणि बाकी सर्व आज, उपलब्ध साधनांनिशी करता येण्यासारखे आहे. येत्या ग्रामसभेपुढे हा विषय ठरावाच्या रूपाने मांडावा, त्यास नाही म्हणणाऱ्याने आपले कारण उघडपणे सांगावे, आणि ठराव झाल्यावर कोणत्या तारखेपर्यंत किती खोल्यांत अर्थिंग झाले, याचा हिशेब पुढील ग्रामसभेस वाचून दाखवावा. टँकर रिकामा करण्यापूर्वी अर्थिंग तपासण्याचे ज्या हातांना आपण शिकविले, ते हात घरी सॉकेटाला लागतात तेव्हाही तितकेच सुरक्षित असावेत, ही त्या कामगारांप्रती, आणि ते दिवसभर बाहेर असताना त्याच खोलीत वावरणाऱ्या त्यांच्या बायकामुलांप्रती, या गावाची, या उद्योगांची आणि सरकारची समाईक जबाबदारी आहे. ती पार पाडण्यास आणखी एका पंचनाम्याची वाट पाहू नये.